हवामानाच्या माथी फोडलेलं खापर

म्हैसूरला समुद्र नाही. तरी लक्षद्वीपच्या प्रवाळांची नाडी वर्षानुवर्षं तपासणारे शास्त्रज्ञ ज्या संस्थेचे आहेत, ती नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन १९९६ पासून याच शहरात आहे. अण्णामलईची वर्षावनं, हिमालयातले हिमबिबटे, अरुणाचलातले धनेश यांचा अभ्यासही याच संस्थेची माणसं करतात. त्यांचं काम आणि म्हैसूरशेजारचं बंडीपूरचं जंगल डोळ्यांसमोर ठेवलं, की हवामान बदलाबद्दल आपण सहज बोलून जातो त्यातलं बरंच काही पुन्हा तपासावं लागतं.

गैरसमज : ऊन वाढलं म्हणून जंगलं पेटतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये बंडीपूरचं दहा हजार एकरांहून अधिक जंगल जळालं. इथल्या पानगळी जंगलात आग आपोआप लागणं विरळाच. काडी बहुतेक वेळा माणसाचीच असते. वाढता उष्मा आणि लांबलेला कोरडा काळ त्या आगीला पळायला मोकळं रान देतात. सरपण मात्र पुरवते घाणेरी, म्हणजे आपली टणटणी. बागेची शोभा म्हणून इंग्रजांच्या काळात अमेरिका खंडातून आणलेलं हे झुडूप. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्याने भारतातलं सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगल व्यापलं आहे. पावसानंतर सफारीच्या गाडीतून पाहणाऱ्याला हे रान हिरवंगार दिसतं. पण त्या हिरव्याखाली गवत उरत नाही, आणि चितळ-गवे घाणेरीवर जगू शकत नाहीत.

जवळच्या बिळिगिरीरंगन टेकड्यांतल्या सोलिगा आदिवासींचं यावर वेगळं म्हणणं आहे. पूर्वी ते हंगामाच्या सुरुवातीला, पालापाचोळा थोडकाच असताना, हलकी आग लावत. त्यात घाणेरीची कोवळी रोपं मरत. अभयारण्य झाल्यावर ही आग बंद झाली आणि घाणेरी माजली, असं ते सांगतात. बंगळुरूच्या 'अत्री' संस्थेच्या संशोधकांनी हे अनुभव नोंदवून त्यांची जंगलातल्या मोजणीशी सांगड घातली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण अडाणीपणा म्हणून जे थांबवलं गेलं, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण होतं. आज मात्र नुसती काडी ओढून भागणार नाही. पुरुषभर उंच वाढलेल्या घाणेरीत तीच हलकी आग भडका होईल. आधी झुडुपं मुळासकट काढावी लागतात.

गैरसमज : झाड कुठलंही लावा, हवेतला कार्बन शोषला जाणारच.

२०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, म्हणून हा मुद्दा आपल्या अंगणातला. अण्णामलईच्या परिसरात नैसर्गिक जंगल आणि साग-निलगिरीच्या लागवडी यांची तुलना झाली. दुष्काळी वर्षांत लागवडींची कार्बन शोषण्याची गती जास्त घसरली. नाना जातींच्या झाडांचं जंगल अधिक स्थिर राहिलं. कोरडी वर्षं वाढणार असतील तर हा फरक मोलाचा आहे. अण्णामलईतल्याच वालपराईच्या चहामळ्यांमधले उजाड वर्षावनाचे तुकडे दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन हे शास्त्रज्ञ दोन दशकांहून अधिक काळ स्थानिक जातींची रोपं लावून सावरत आहेत. तिथे कामाची सुरुवात खड्ड्यापासून होत नाही. आधी त्या मातीतलं बी गोळा करायचं, रोपवाटिकेत ते वाढवायचं, आणि मग घाणेरी काढलेल्या जागी लावायचं.

गैरसमज : संकट जगाचं आहे, गावाने काही करून काय फरक पडणार?

लक्षद्वीपची प्रवाळं पाहा. समुद्राचं पाणी बराच काळ जास्त तापलं की प्रवाळ आपल्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्याचं बहुतेक अन्न त्या शैवालाकडूनच येत असल्यामुळे पुढे ते उपासमारीने मरू शकतं. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे भोगलं. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगत्ती, कडमत, कवरत्ती या बेटांवर २४ वर्षं नोंदी ठेवल्या. या काळात जिवंत प्रवाळांचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. नवल असं, की उष्णतेच्या प्रत्येक लाटेत मरणारी प्रवाळं आधीपेक्षा कमी होती, पण सावरणंही मंदावत गेलं. उष्णतेचा फटका न बसलेली सलग सहाएक वर्षं मिळाली, तरच आच्छादन नीट भरून येऊ लागतं.

ही उसंत देणं कुठल्याही बेटाच्या हातात नाही. ते जगाच्या चुलीवर, धुराड्यांवर ठरतं. पण मिळालेली उसंत कामी येते की वाया जाते, हे बेटावरही ठरतं. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढलं की नव्या प्रवाळाला बूड टेकायला जागा राहत नाही. ते शेवाळ खरवडून खातात पोपटमाशांसारखे शाकाहारी मासे. लक्षद्वीपचे कोळी १९६० च्या दशकापासून मुख्यतः खोल पाण्यातला कुपा (ट्यूना) गळाने पकडत आले, त्यामुळे प्रवाळातले मासे शाबूत राहिले आणि १९९८ नंतर काही प्रवाळं चांगली सावरली. आता मात्र प्रवाळातल्या माशांनाही बाहेरून मागणी येते आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी पुन्हा तापलं आणि प्रवाळ पुन्हा पांढरं पडलं. नवं प्रवाळ रुजायचं, तर खडकावरचं शेवाळ खरवडायला पोपटमासे पाण्यातच हवेत.