पडद्यावरचं उद्यान सजवताना

• ख्रिस सॉयर यांचा ‘रोलरकोस्टर टायकून’ हा मनोरंजन उद्यान उभारण्याचा संगणकीय खेळ १९९९ साली आला. बहुतांश खेळ त्यांनी असेंब्ली भाषेत लिहिला.

• इजिप्त, रोम, मंगळ, खाण, भुताटकी अशा कल्पनांवर बेतलेली सजावट त्यात मिळते.

• राइडलगत झाडं-पुतळे मांडले, रूळ बोगद्यातून नेले, की तिचे रोमांचाचे गुण वाढतात.

• सफाई कामगारानं पाणी घातलं नाही, तर वाफ्यातली फुलं कोमेजतात. म्हणून बागेसाठी माणूस आधी नेमा.

• ‘प्लॅनेट कोस्टर’ (२०१६) या अशाच खेळात भिंती, छपरं, खिडक्या सुट्या जोडून इमारत उभी राहते, जमीन उचलून डोंगर, पोखरून गुहा करता येते.

• वेगवेगळ्या कल्पनांच्या दोन विभागांमध्ये दाट झाडी किंवा टेकडी ठेवा. पिरॅमिडमागे मंगळावरचं यान डोकावलं, तर दोन्हींची जादू ओसरते.