पूर ओसरला, तरी भिंत ओलीच

हैदराबादच्या माणसाला मुसी नदीची ओळख करून देण्याचे कारण नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीने जो हाहाकार उडविला, त्याच्या कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी त्या वेळी प्राण वाचविले. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या योजनेनुसार उस्मानसागर १९२० मध्ये व हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला आणि नदीला लगाम बसला. तथापि पाणी शहरात शिरावयाचे ते शिरतेच. २४ ऑगस्ट २००० आणि १३ ऑक्टोबर २०२० या तारखा अनेकांच्या स्मरणात असतील. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तर मुसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले.

१९०८ च्या आणि आजच्या पुरात एक मोठा फरक आहे. त्या काळी सामान्य माणसाच्या भिंतीत विजेच्या तारा नव्हत्या. पाणी ओसरले, चिखल उपसला, चूल पेटली की संसार पुन्हा सुरू होई. आज पाणी ओसरल्यावरही एक भय भिंतीच्या पोटात दडून राहते. या भयाची ओळख मला माझ्याच चुकीमुळे झाली. ती चूक सांगावयास मुख्याध्यापकाला संकोच वाटतो. परंतु दुसऱ्या कोणाचे घर त्यातून वाचणार असेल, तर संकोच बाजूला ठेवणेच योग्य.

२०२० च्या त्या ऑक्टोबरात काचीगुड्याकडील आमच्या तळमजल्याच्या घरात गुडघाभर पाणी होते. दोन दिवसांनी ते ओसरले. १७ तारखेला घटस्थापना होती. गल्लीतील वीज आदल्या रात्रीच आली होती. माजघरात जमिनीपासून हातभर उंचीवर एक जुना सॉकेट होता आणि तो पुरात बुडाला होता. मी तो कोरड्या फडक्याने पुसला, बोट फिरवून पाहिले, ओल लागली नाही. आणि मेन स्विच चढविला. स्वयंपाकघरात अजून चिखल होता, म्हणून आईने उपासाच्या आमटीसाठी दाणे वाटावयाचा मिक्सर माजघरात मांडला. ती नुकतीच स्नान करून आलेली, सोवळ्यातली, अनवाणी. पायाखाली ओल धरलेली शहाबादी फरशी. प्लग नीट बसावा म्हणून तिने दुसरा हात सॉकेटच्या पट्टीवर टेकला आणि किंकाळी फोडून ती मागे कोसळली.

ती वाचली. बोटांवर दोन काळे डाग उठले. दवाखान्यात हृदयाचा आलेख काढून तिला एक रात्र देखरेखीखाली ठेवले. शुद्धीवर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "अरे, भिंतीनं हात ओढला रे!" ते वाक्य आजही माझ्या कानांत आहे. सर्वांत विस्मयाची गोष्ट ही, की फ्यूज जसाच्या तसा होता. तो उडालाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक वृद्ध वायरमन आले. मेन स्विच काढून त्यांनी सॉकेट उघडला, तेव्हा भिंतीतील लोखंडी पेटीत ओंजळभर ओला गाळ निघाला. आमच्या दख्खनीत ते म्हणाले, "मास्टर साब, ऊपर से सूका दिखरा, अंदर पूरा गीला है. जल्दी नक्को करो." दख्खनी बोलीने आपल्या मराठीकडून उचललेला तो 'नक्को' त्या दिवशी मला गुरुमंत्रासारखा वाटला.

घडले ते असे. शुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करीत नाही. परंतु पुराच्या पाण्यात क्षार, माती, गटारातील घाण सारेच असते, आणि त्यातून वीज सहज वाहते. गाळाने फेजची तार व लोखंडी पेटी यांच्यामध्ये पूल बांधला. पेटीला अर्थिंग नव्हते. म्हणून पेटी, आणि तिच्यात पिळलेले पट्टीचे स्क्रू, सारेच जिवंत झाले. आईचे बोट एका स्क्रूवर पडले.

मग फ्यूज का उडाला नाही? कारण फ्यूज किंवा एम.सी.बी. यांचे काम तारेचे रक्षण करण्याचे आहे, माणसाचे नव्हे. लहान सॉकेटची क्षमता सहा अँपिअर असते. माणसाच्या देहातून तीस मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या दोनशेव्या हिश्श्याइतका प्रवाह काही क्षण गेला, तरी जिवाला धोका संभवतो. एवढ्याशा प्रवाहाची फ्यूजला दादही लागत नाही. 'फ्यूज शाबूत आहे, अर्थी सर्व ठीक आहे' हा समज म्हणूनच घातक होय.

दुसरा धोका याहून सावकाश येणारा. पाण्याने सॉकेटमधील पितळी पात्यांवर हिरवा कीट चढतो, लोखंडी स्क्रू गंजतात. पाते प्लगला घट्ट धरीत नाही. सांध्याचा रोध वाढतो आणि तेथे उष्णता निर्माण होते. ओल्या प्लास्टिकवर बारीक ठिणग्या पडून कोळशाची काळी रेघ उमटते, आणि त्या रेघेवरूनच पुढे वीज वाहू लागते. पूर विसरून महिने लोटल्यावर एखाद्या सॉकेटमधून जळका वास येतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

वाचकांनी हा विषय केवळ नदीकाठच्या लोकांचा मानू नये. उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरचे उडणारे तुषार, मोरीच्या भिंतीतून पाझरणारी ओल, पावसाळ्यात गच्चीतून पाइपात उतरणारे पाणी, फरशी धुताना उडालेली बादली, या सर्वांचा परिणाम एकच. भिंतीतील पाइप वरच्या बोर्डापासून खालच्या सॉकेटपर्यंत जोडलेला असतो. वर शिरलेले पाणी खाली येऊन साचते.

अशा वेळी काय करावे, ते क्रमाने सांगतो.

प्रथम, पाण्यात उभे राहून कशालाही हात लावू नये. मेन स्विचपर्यंत कोरड्या पायाने जाता येत नसेल, तर तिकडे जाऊच नये. घराबाहेर पडावे आणि वीज मंडळाच्या १९१२ या क्रमांकावर पुरवठा तोडण्यास सांगावे. मेन स्विचशी कोरड्या वाटेने जाता येत असेल, तरच तो बंद करावा; आणि घरात इन्व्हर्टर असल्यास तोही न विसरता बंद करावा. पुष्कळ लोक मेन स्विच बंद करून निश्चिंत होतात, आणि इन्व्हर्टर त्याच तारांतून वीज पुरवीत राहतो. केवळ बोर्डावरील बटन खाली केल्याने भागत नाही.

दुसरे, टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी तपासून घ्यावा. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाहीच, असे शंभर टक्के समजू नये. अनुभवी वायरमन दिवा जोडून पुन्हा पाहतो, ते याचसाठी.

तिसरे, पुरवठा तुटल्याची खात्री झाल्यावरच पट्टी उघडावी. आत गाळ, गंज, हिरवा कीट, काळी रेघ, वितळलेले प्लास्टिक, तडकलेले आवरण यांपैकी काय आहे ते डोळ्यांनी पाहावे. गृहस्थाचे काम साधारणतः येथे संपते. पुढचे काम परवानाधारक वायरमनचे; परंतु तो काय करतो आहे, हे आपणास कळले पाहिजे.

बुडालेला सॉकेट वाळवून पुन्हा बसवू नये. बटन, एम.सी.बी. किंवा फ्यूजची बैठक बुडाली असेल, तर तिलाही हाच नियम. नवा सॉकेट आय.एस.आय. चिन्हाचा घ्यावा. काटकसर हा आपल्या मध्यमवर्गाचा सद्‌गुण खरा, पण येथे तो सद्‌गुण राहत नाही.

पेटीतील गाळ काढून ती पुसावी, पाइपातील पाणी उतरू द्यावे आणि भिंत उघडीच ठेवून काही दिवस वाळू द्यावी. तारेच्या टोकातून पाणी तंतूंमध्ये आत ओढले जाते. म्हणून चकचकीत तांबे दिसेपर्यंत टोक कापावे. काळसरपणा आतवर गेला असेल, तर तारच बदलावी. शहराच्या जुन्या भागातील काही घरांत लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या, रबर व कापडाच्या वेष्टनाच्या तारा अद्यापि आढळतात. त्या भिजल्यावर त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.

जोडणी करताना सॉकेटकडे तोंड करून पाहिले असता वरच्या मोठ्या छिद्रास हिरवी अर्थिंगची, उजवीकडे फेजची, डावीकडे न्यूट्रलची तार, असा प्रघात आहे. फेज बहुधा तांबडी व न्यूट्रल काळी असते. पण जुन्या घरांत रंगांवर विसंबू नये, तपासूनच जोडावे. लोखंडी पेटीलाही अर्थिंग द्यावे. आमच्या घरी नेमके हेच राहिले होते.

पुरवठा सुरू करण्यापूर्वी मेगर नावाच्या उपकरणाने आवरणाची परीक्षा करून घ्यावी. हे उपकरण पाचशे व्होल्टचा दाब देऊन गळती मोजते. रोध एक मेगओहमहून कमी भरला, तर कोठेतरी ओल शिल्लक आहे असे समजावे आणि थांबावे. आमच्या माजघराची भिंत पहिल्या दोन परीक्षांत नापास झाली. वायरमन दोन्ही वेळा काही न करता परत गेले. नवरात्र आम्ही त्या खोलीत समईच्या उजेडात काढले.

शेवटी, घरात तीस मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. अवश्य बसवावा. जाणारा व परतणारा प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे वीज कोठेतरी गळते आहे असे ओळखून तो निमिषार्धात पुरवठा तोडतो. त्यावरील चाचणीचे बटन अधूनमधून दाबून पाहावे. आपली दख्खनची जमीन खडकाळ. उन्हाळ्यात ती वाळली की अर्थिंग दुबळे पडते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत सोडू नये. सखल भागात राहणाऱ्यांनी सॉकेट पुराच्या खुणेच्या वरच घ्यावेत.

आणि कोणास विजेने धरलेच, तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम पुरवठा तोडावा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर सारावे. १०८ ला दूरध्वनी करावा. श्वास थांबला असेल, तर मदत येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे. माणूस उठून बसला, तरी दवाखान्यात नेल्यावाचून राहू नये.

आमच्या माजघरातील सॉकेट आता छातीच्या उंचीवर आहे. आईचे वय झाले. तरी प्रत्येक घटस्थापनेला ती दाणे वाटावयास बसते, आणि प्लग लावण्यापूर्वी मला हाक मारते. मी जातो, पायांत कोरड्या चपला घालतो, तिलाही घालावयास लावतो. सोवळ्याला हे चालते का, असे तिने एकदाच विचारले होते. मी म्हणालो, "देवीला चालेल, आई." त्यानंतर तिने पुन्हा विचारले नाही.