ब्लाइंड टेस्ट म्हणजे काय? लेबल झाकलं की काय होतं बघा

कोणत्या फोनचा कॅमेरा भारी, हा वाद मिटवायचा सोपा उपाय म्हणजे ब्लाइंड टेस्ट: फोनचं नाव लपवायचं आणि फक्त फोटोवर मत घ्यायचं. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण मात्र वाइनचं आहे.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या ब्रिटिश वाइन विक्रेत्याने फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबल झाकून फ्रेंच परीक्षकांसमोर ठेवल्या. रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची १९७३ ची ‘स्टॅग्ज लीप’! टीकाकार म्हणाले, "आज जिंकली, पण ही वाइन मुरणार नाही." ३० वर्षांनी, २००६ मध्ये त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्याच निघाल्या.

मित्रांसोबत जेवताना हे करायचं असेल तर:

१. एकाने बाटल्या कागदात गुंडाळाव्यात, दुसऱ्याने त्यांना नंबर द्यावेत. म्हणजे कोणती कुठली, हे कुणालाच कळत नाही. हीच डबल ब्लाइंड.

२. जुन्या रेडच्या तळाशी गाळ असतो. हळू ओता, नाहीतर गढूळपणावरूनच वय ओळखू येईल.

३. बोलण्याआधी प्रत्येकाने आपल्या फोनवर गुण लिहावेत. एक जण "वा!" म्हणाला की बाकीचेही तसंच म्हणतात.

फरक खरंच कळतो का? तीन ग्लास घ्या, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ३ मध्ये १. सलग तीनदा मात्र २७ मध्ये फक्त १. नवीन फोनसाठी जास्त पैसे मोजण्याआधी फोटोंवरही हेच करून बघा.