पूररेषा नेमकी कोणाच्या दारातून जाते?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापुरात घर घेणारा माणूस प्रॉपर्टी कार्डाबरोबर आणखी एक गोष्ट विचारतो: मिळकत निळ्या रेषेत येते की लाल? निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी, दोन्ही रेषांमधल्या पट्ट्यात निर्बंध. अशी रेषा अभियंता ऑटोकॅडमध्ये आखतो आणि नगररचनाकार ती क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गटनकाशावर ठेवतो. फाइल हातातून हातात जाताना रेषा सरकली, तर कोणाचे तरी घर विनाकारण पुरात जाते.

ऑटोकॅडसारख्या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरला पृथ्वीशी देणेघेणे नसते. टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र जिथे उभे केले त्या बिंदूला मोजणीदाराने १०००, १००० असे आकडे दिले, की सगळी मोजणी तिथून चालते आणि जागेवर अगदी बरोबर येते. त्याच मोजणीची डीएक्सएफ (रेखाटनाची) फाइल नकाशात उघडून तिचे आकडे पृथ्वीला पट्ट्यांत वाटणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ‘झोन ४३ उत्तर’चे आहेत असे सांगितले, तर पंचगंगेकाठचा प्लॉट विषुववृत्ताजवळ, मालदीवच्या पश्चिमेला भर समुद्रात जाऊन पडतो. आकडे खरोखरच झोन ४३ चे असताना चुकून ४४ निवडला, तर कोल्हापूर विजयवाड्याजवळ पोहोचते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या गारठलेल्या समुद्रात.

एवढ्या मोठ्या चुका पाहताक्षणी कळतात. मला भीती वाटते ती शे-दीडशे मीटरच्या चुकीची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले होते. पृथ्वीचा हा गणिती आकार भारतीय उपखंडाशी नीट जुळावा असा ठरवलेला होता. जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ हा लंबगोल मात्र पृथ्वीच्या गुरुत्वमध्याला धरून आहे. त्यामुळे एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन्हींत वेगळे येतात, आणि कोल्हापुरात हा फरक शंभर मीटरहून जास्त भरतो. शुक्रवार पेठेत शंभर मीटर म्हणजे अख्खी गल्ली. २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आणले, पण जुन्या नकाशांवरून गिरवलेल्या रेषा आजही फायलींतून फिरतात.

सॉफ्टवेअरमध्ये फाइलची निर्देशांक पद्धती ‘जाहीर करणे’ आणि पद्धती ‘बदलणे’ ही दोन वेगळी कामे आहेत. जाहीर केल्याने एकही आकडा हलत नाही, फक्त त्याचा अर्थ ठरतो. बदलताना प्रत्येक बिंदूचे गणित नव्याने होते. एव्हरेस्टच्या फाइलवर डब्ल्यूजीएस ८४ चे लेबल चिकटवले, की चूक कायमची आणि गुपचूप आत शिरते.

कोल्हापूरसाठी फायलींच्या देवाणघेवाणीला डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर, मीटरमध्ये हीच पद्धती सोयीची. तिचा संकेतांक ३२६४३. शहरातल्या बिंदूचा पूर्वेचा आकडा ४ लाख १९ हजारांच्या आणि उत्तरेचा १८ लाख ४६ हजारांच्या आसपास दिसला, की निदान गावात तरी आलो. यूटीएमवर इथले एक किलोमीटर सुमारे ३२ सेंटीमीटर कमी भरते. पूररेषेला ते चालते, पुलाच्या खांबांना चालत नाही. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर पद्धतीवर मात्र क्षेत्रफळ कधीच काढू नये. तिथे १०८९ चौरस फुटांचा गुंठा नऊ-दहा टक्के फुगतो.

पूररेषा मुळात उंचीवरून ठरते. जीपीएस लंबगोलापासून उंची सांगते, तर अभियंत्याचा तलांक समुद्रसपाटीपासून धरलेला असतो. या दोन्हींत आपल्याकडे पन्नास मीटरहून जास्त अंतर पडते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, म्हणजे मधले अंतर फक्त चार फुटांचे. म्हणून पूररेषेच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात लंबगोल, झोन, एकक आणि उंचीचा आधार छापलेला असावा, आणि पुलाचा कोपरा, बंधाऱ्याचे टोक असे दोन-तीन ओळखीचे बिंदू आकड्यांसह दिलेले असावेत. मग आपली मिळकत रेषेच्या कोणत्या बाजूला येते, हे कोणत्याही नागरिकाला पडताळून पाहता येईल.