मेंदूच्या लहरी आणि शिपायाचें मन

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत शिपाईगिरीचा पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवास तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ वीर कामास आले. देशांतील पहिलें सैनिक स्कूल १९६१ सालीं निघालें, तेंहि साताऱ्यासच. अशा मुलखांत 'सैन्याची गुप्त विद्या' असें नांव लावलेली कोणतीहि वस्तु तरुणांचें मन चटकन ओढून घेते. अलीकडे मोबाईलवर कांहीं आवाज मिळतात. दोन्ही कानांत यंत्र लावून ते ऐकले असतां मनास विलक्षण अवस्था प्राप्त होते, दूरच्या गोष्टी दिसूं लागतात, आणि अमेरिकेच्या सैन्यानें ही विद्या पारखून घेतली आहे, असें विकणारे सांगतात. मुलें त्यावर पैसे घालवितात आणि रात्रीची झोंपहि घालवितात. तेव्हां यांत खरें किती व पोकळ किती, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं पाहणें अगत्याचें आहे.

मौज अशी, कीं मेंदूंतील विजेच्या शोधाचा उगमहि एका शिपायाच्या गोष्टींतच आहे. हान्स बर्गर नांवाचा जर्मन तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यांत नोकरी करीत होता. कवायतीच्या वेळीं घोडा बिथरून तो तोफेच्या गाड्यापुढें पडला. चाक अगदीं थोडक्यांत थांबलें. त्याच दिवशीं वडिलांची तार आली, कीं खुशाली कळवावी. दूर घरीं असलेल्या बहिणीच्या मनांत, भावावर कांहीं संकट आलें, असें एकाएकीं येऊन तिनें ती तार करविली होती. बर्गरची खात्री झाली, कीं संकटकाळीं एका मनांतून कांहीं शक्ति निघून दुसऱ्या मनास भिडते. तिचा छडा लावावा म्हणून तो वैद्यकाकडे वळला, येना येथें वर्षानुवर्षें प्रयोग करीत राहिला, आणि १९२४ मध्यें त्यानें मनुष्याच्या मेंदूंतील विजेची पहिली नोंद घेतली. ती १९२९ मध्यें प्रसिद्ध झाली, तरी केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनीं १९३४ मध्यें पडताळा पाहीपर्यंत पुष्कळांनीं तिजवर विश्वास ठेविला नाहीं. बर्गर १९४१ मध्यें वारला. जी शक्ति शोधावयास तो निघाला होता, ती मात्र त्यास सांपडली नाहीं. एका व्होल्टचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील पन्नासएक भाग, इतकी ही टाळूवरची वीज क्षीण असते. दूर घरीं असलेल्या बहिणीपर्यंत पोंचण्याचें बळ तिच्यांत कोठून असणार?

पण जें सांपडलें तें थोडें नव्हे. मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला, कीं सेकंदास सुमारें दहा अशा नियमित लहरी उमटतात. त्यांस अल्फा म्हणतात. डोळे उघडतांच त्या बहुधा ओसरतात. पेंग येऊं लागली म्हणजे लहरी मंदावतात, आणि गाढ झोंपेंत त्या सेकंदास चारांहूनहि कमी, परंतु मोठ्या होतात. आठवड्याच्या बाजाराबाहेर उभें राहून गलबला ऐकणारास बाजार भरला आहे कीं उठला हें सांगतां येतें. आंत कोण कोणाशीं काय भाव ठरवीत आहे हें सांगतां येत नाहीं. टाळूवरच्या लहरींचेंहि जवळजवळ तसेंच आहे.

बर्गरनें पहिली नोंद घेतली त्याच १९२४ सालीं आपल्या महाराष्ट्रांत, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधामाची स्थापना केली. योगाचे परिणाम श्रद्धेनें न मानतां यंत्रानें मोजून पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढें १९५७ मध्यें अमेरिकेहून बागची व वेंगर हे संशोधक यंत्रें घेऊन हिंदुस्थानांत आले, ते लोणावळ्यासहि आले. हृदय थांबवून दाखवितों असें म्हणणारांची त्यांनीं परीक्षा केली. नाडी हातास लागेनाशी झाली, परंतु यंत्रानें हृदयाची वीज चालूच असल्याचें दाखविलें. श्वास कोंडून छातीवर दाब आणल्याचा तो परिणाम होता. म्हणून योगाभ्यास सारा फोल, असें मात्र ठरलें नाहीं. दिल्लीस आनंद, छिना व सिंग यांनीं १९६१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन योग्यांनीं ४ अंश उष्णतेच्या गार पाण्यांत पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेविला, आणि तेवढा वेळ त्यांच्या अल्फा लहरी मोडल्या नाहींत. थंडी व वेदना सोसणें हें ज्यांचें नित्याचें काम, त्या सेनांचें लक्ष अशा गोष्टींकडे जावें यांत नवल नाहीं.

परंतु सेना व गुप्तहेर खातीं तेवढ्यावर थांबलीं नाहींत. अमेरिकेच्या हेरखात्यानें १९५३ पासून माणसांना, कित्येकदां त्यांच्या नकळत, भ्रम उत्पन्न करणारीं औषधें देऊन पाहिलीं. त्याच वर्षीं त्यांच्याच सैन्याकडील एक शास्त्रज्ञ, असें औषध पाजल्यानंतर थोड्याच दिवसांत, उंच खिडकींतून पडून मेला. हें लोकांस कळावयास १९७५ साल उजाडलें. ज्यास हुकूम पाळावयाचा आहे, त्याची 'संमति' कितपत खरी मानावी, हा प्रश्न सेनेंत मुलगा धाडणाऱ्या प्रत्येक आईबापाचा आहे. दुसरा उद्योग बसल्या जागेवरून शत्रूचीं ठाणीं 'मनानें पाहण्याचा'. तो १९७० नंतर सुरू होऊन १९९५ त बंद झाला. सुमारें दोन कोटि डॉलर खर्च झाले आणि उपयोगी अशी एकहि बातमी हातीं लागली नाहीं, असा परीक्षकांचा अभिप्राय पडला. त्यापूर्वीं, १९८८ मध्यें, खुद्द सैन्यानेंच नेमून दिलेल्या विद्वानांच्या समितीनें, १३० वर्षांच्या संशोधनांत अशा शक्तीस शास्त्रीय आधार मिळालेला नाहीं, असें कळविलें होतें.

आतां त्या आवाजांचें. मिरजेस तंबोरे करणाऱ्या कारागिरांच्या दुकानांत जाऊन बसा. जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरांत आल्या, पण किंचित् अंतर राहिलें, कीं आवाज हेलकावे खाऊं लागतो. अंतर जितकें कमी तितका हेलकावा सावकाश. एका कानांत सेकंदास ३०० कंपनांचा व दुसऱ्यांत ३१० कंपनांचा स्वर सोडला, तर हवेंत कांहीं न मिसळतांहि दहाचा हेलकावा डोक्यांतच ऐकूं येतो. दोन्ही कानांकडून आलेले संदेश मेंदूंत एकत्र होतात म्हणून हें घडतें. एवढें खरें. त्यावरून व्हर्जिनियांतील एका संस्थेनें आवाजांच्या फिती काढल्या, आणि १९८३ मध्यें अमेरिकेच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें त्यांवर लांबलचक टिपण लिहिलें. विकणारे ज्यास 'सैन्याचा पुरावा' म्हणतात तो हाच. तो एका अधिकाऱ्याचा अभिप्राय होय. प्रयोगाचा निकाल नव्हे. ऐकतांना कोणास स्वस्थ वाटेल, कोणास झोंप येईल. मिरजेच्या तंबोऱ्यासमोर डोळे मिटून बसणारासहि तसें वाटतें, आणि त्यासाठीं कोणी लष्करी गुपित म्हणून पैसे मागत नाहीं.

सैन्यांस खरा लाभ झाला तो साध्या बाजूनें. १९६२ मध्यें संरक्षण खात्याची शरीरक्रियाविज्ञानाची संस्था निघाली. तेथील संशोधकांनीं १९८८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहा महिने योगाभ्यास केलेल्या पुरुषांस १० अंशांच्या थंडींत कांपरें उशिरां भरलें. राकेश शर्मा १९८४ मध्यें अंतराळांत गेले, तेव्हां त्यांनीं तेथेंहि योगासनांचा प्रयोग केला. आणि सियाचीनसारख्या उंचीवर, जेथें हवा विरळ, तेथें मनुष्य रात्रभर पडून राहिला तरी गाढ झोंपेच्या त्या मोठ्या, सावकाश लहरी कमी उमटतात. श्वास थांबून थांबून चालतो आणि झोंप वरचेवर मोडते. सकाळीं पहाऱ्यावर उभा राहणारा जवान का पेंगतो, याचें उत्तर बर्गरच्या यंत्रानें कागदावर काढून दाखविलें आहे.