जिवंत वई : महाड-पोलादपूरच्या शेतीची राखणदार

भाताची कापणी आटोपली, की गुरे मोकळी सोडण्याचा प्रघात महाड व पोलादपूर तालुक्यांत जुना आहे. गुरांच्या दृष्टीने तो सोयीचा असला, तरी ज्या शेतकऱ्यास जमिनीतील ओलाव्यावर वाल, चवळी किंवा मूग घ्यावयाचा असतो, अथवा ज्याने डोंगरउतारावर आंबा-काजूची नवी कलमे लावलेली असतात, त्याच्या वर्षभराच्या श्रमांवर एका रात्रीत पाणी पडते. शेजाऱ्याशी तंटा होतो आणि पुढील वर्षी तो शेतकरी जमीन पडीक ठेवणेच पसंत करतो. सबब, दुसरे पीक व फळबाग यांचा प्रश्न बियाण्याचा किंवा खताचा होण्यापूर्वी कुंपणाचा प्रश्न आहे.

मेलेली वई

आपल्याकडील रूढ उपाय म्हणजे काट्यांची वई. करवंद, बोर, चिल्हार इत्यादींच्या फांद्या तोडून बांधावर रचावयाच्या व त्यांवर दगड ठेवावयाचे. ही वई एका पावसाळ्यात कुजते. म्हणून दरवर्षी नवी तोड करावी लागते. तोडीचे श्रम तर होतातच, परंतु त्याहून मोठे नुकसान डोंगराचे होते. ज्या झुडपांची मुळे उतारावरील माती धरून ठेवतात, तीच झुडपे आपण वर्षानुवर्षे छाटून नेतो. सावित्रीच्या खोऱ्यात पावसाचा मारा किती प्रखर असतो, हे सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे कोसळलेली दरड या भागातील कोणीही विसरलेला नाही. झुडपांनी अशी मोठी दरड थांबते, असा समज कोणी करून घेऊ नये. तथापि वरच्या थरातील सुपीक माती वाहून जाण्यास झुडपांमुळे निश्चितच आळा बसतो.

दुसरा धोका वणव्याचा. माघ-फाल्गुनात डोंगरास आग लागली, की वाळलेली वई वातीसारखी पेटते आणि जी बाग राखावयाची, तिच्यातच आग नेऊन पोचविते.

तुतीच्या कुळातील काटेरी झुडूप

जिवंत कुंपणाचे मोठे उदाहरण तुतीच्या कुळाने जगास दिले आहे. वड, उंबर, फणस व तुती यांच्या या कुळात मॅक्लुरा नावाची एक काटेरी प्रजाती आहे. तिच्या काही जाती भारतासह उष्ण कटिबंधातील देशांत झुडपांच्या अथवा वेलींच्या रूपाने वाढतात. त्यांपैकी एकीच्या लाकडापासून जावा बेटात बाटिक कापडासाठी पिवळा रंग काढीत असत. या प्रजातीतील ओसेज ऑरेंज ही समशीतोष्ण हवेतील जात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या गवताळ मैदानांत फार उपयोगी पडली. तेथे कुंपणास ना लाकूड मिळे, ना दगड. शेतकऱ्यांनी ही झाडे ओळीने दाट लावली, छाटून व वाकवून एकमेकांत गुंतविली आणि गुरांना अभेद्य अशी भिंत उभी केली. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले, त्यानंतर ही लागवड मागे पडली. ज्यास तार परवडते त्याने ती जरूर लावावी. परंतु अल्पभूधारकास मार्ग दाखविणारा धडा आजही तोच आहे. कुंपण रचावयाचे नसते, ते वाढवावयाचे असते.

आपल्याकडे हे परदेशी झाड आणण्याचे कारण नाही. याच कुळातील खरोटा हे खरखरीत पानांचे झाड कोकणात आढळते. पान बोटांत चोळल्यास पॉलिशच्या कागदासारखे लागते व फांदी मोडल्यास पांढरा चीक येतो. त्यास खरे काटे नाहीत. परंतु ते छाटणी उत्तम सोसते व दाट होते. तुती मात्र कुंपणासाठी निवडू नये. तिचा पाला गुरांना इतका प्रिय आहे, की राखणदारासच राखावे लागेल. मुख्य काटेरी झुडूप म्हणून या भागात करवंदच योग्य होय. ते कण्हेरीच्या कुळातील असून सदाहरित, कणखर व कातळाच्या जमिनीतही तग धरणारे आहे.

लागवडीची रीत

१. वैशाखात पूर्ण पिकलेली फळे आणून बी काढावे, धुऊन सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. करवंदाचे बी जुने झाल्यास उगवत नाही.

२. रोपे वर्षभर पिशवीत वाढवून पुढील पावसाळ्याच्या आरंभी लावावी. बांधाच्या बाहेरील बाजूस चर खणून त्याच्या मातीचा वरंबा करावा.

३. वरंब्यावर दोन ओळी घ्याव्या. ओळीतील अंतर सुमारे ४५ सेंटिमीटर ठेवून दुसऱ्या ओळीतील रोप पहिल्या ओळीतील दोन रोपांच्या मध्यावर येईल असे पाहावे. पाणथळ जागी खरोटा लावून पाहावा.

४. रोपे जोमाने वाढू लागताच शेंडे वीतभर उंचीवर खुडावे. बुडाशी फुटवे न आल्यास कुंपण वरून दाट व खालून उघडे राहते आणि शेळी खालूनच शिरते.

५. पहिली तीन-चार वर्षे जुनी वई काढू नये. मेलेल्या रोपांच्या जागी दर पावसाळ्यात नवी लावावी. कुंपणाबाहेरील गवत पौषापूर्वी कापून जाळरेषा राखावी.

या कुंपणाने माकडे थांबत नाहीत, आणि भुकेलेले रानडुक्करही विरळ जागा शोधून काढते. त्याचा खरा उपयोग गुरे व शेळ्या यांच्यापासून संरक्षणासाठी आहे. छाटलेल्या कुंपणास फळे कमी येतात. म्हणून घरालगतचा एखादा तुकडा न छाटता ठेवावा. त्याच्या फळांपासून लोणचे व सरबत करता येते.

एकोप्याचा हिशेब

एक एकर चौरस शेताचा घेर सुमारे २५४ मीटर होतो व त्यास दोन ओळींत सुमारे १,१३० रोपे लागतात. चार शेजाऱ्यांनी आपापल्या एकरास निरनिराळे कुंपण केल्यास एकूण १,०१६ मीटर लांबी भरते. तीच चार शेते एकत्र धरून एकच कुंपण केल्यास सुमारे ५०८ मीटर पुरते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास खर्च, श्रम व रोपे निम्मीच येतात. आपली शेते डोंगरउतारावर अरुंद व लांबट असल्याने स्वतंत्र कुंपणाचा घेर याहूनही अधिक भरतो. साहजिकच एकत्र कुंपणाचा लाभ वाढतो.

ग्रामपंचायत अधिकारी व कृषी कर्मचारी यांनी प्रथम येथेच लक्ष द्यावे. रोपे वाटण्यापूर्वी वाडीची बैठक घ्यावी, हद्दी निश्चित कराव्या, आणि गुरांच्या पाणवठ्याची व चराईची वाट प्रथम आखून ती मोकळी ठेवावी. ज्या कुंपणाने शेजाऱ्याच्या गुरांची वाट अडते, ते फार काळ टिकत नाही. बेडे कोठे असावे व ते कोणी लावावे, हेही आधीच ठरवावे.

यंदा करवंदे पिकतील तेव्हा प्रत्येक शेतकरी बंधूने थोडे बी राखून ठेवावे. पुढील पावसाळ्यात त्यांची रोपे बांधावर जातील आणि डोंगरावर कोयता चालविण्याची पाळी वर्षागणिक कमी होत जाईल.