बदलीबरोबर फिरणारी रेल्वे

बाबांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, म्हणून आमच्या घरची मॉडेल रेल्वे सुटी करता येईल अशीच बांधली आहे. ८ बाय ४ फुटी प्लायवूड कापून ४ बाय २ च्या चार फळ्या केल्या. खालून लाकडी पट्ट्या मारल्या, नाहीतर पावसाळ्यात प्लाय वाकतो.

गाडी एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली. दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. १८ इंच त्रिज्येचं वळण चार फुटांत बसतं. त्याहून आवळलं तर लांब डबे घसरतात.

खरी कसोटी फळ्यांच्या सांध्यावर. चाकाची कड जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे रूळ किंचितही सरकलेले चालत नाहीत. आम्ही आधी फळ्या नटबोल्टने आवळल्या, सांध्यावरून अखंड रूळ टाकला, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवून त्यांच्या डोक्यांवर तो सोल्डर केला आणि मगच बारीक करवतीने कापला. आधी कापून मग जुळवायचा म्हटलं तर जीव जातो.

इंजिनाला १२ व्होल्ट डीसी वीज रुळांतूनच मिळते. प्रत्येक फळीला खालून वेगळी वायर हवी: बाहेरच्या रुळाला लाल, आतल्याला काळी. एका फळीवर अदलाबदल झाली की इंजिन सांध्यावर येताच शॉर्ट सर्किट!

आतापर्यंत तीन बदल्या झाल्या. नव्या क्वार्टरमध्ये बाबा आणि मी दोन तासांत गाडी सुरू करतो. आईची अट एकच: आधी गॅस जोडायचा.